मुठीत सरकी धरून ऐकलेली गोष्ट

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. ती पाच भागांची व्हायची होती, एका भागात आटोपली. लोक विचारतात, पंतोजी, पुढचं काहून नाई लिवलं? मी दरवेळी वेगळे कारण सांगतो. डोळे गेले, शाळेतून सवड नाही, कागद बरा मिळत नाही. खरे सांगितले तर लोक माझ्या तोंडाकडे बघत बसतील, आणि मला तोंडाकडे बघत बसलेली माणसे आवडत नाहीत. आता वय झाले आहे, तेव्हा एकदाचे लिहून ठेवतो.

त्या वर्षांत अमरावतीत कापसाशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊबंदकीची लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. न्हाव्याच्या वाटीत कापूस, वरणात कापूस, माझ्या शाळेतल्या दौतीत कापूस. बोरूला तंतू लागून अक्षर फरफटले की मी वैतागायचो. गाव पैशाने फुगले होते आणि मी सरकारी शाळेचा पंतोजी, तेवढाच कोरडा होतो. पण मला एक खूळ लागले होते. मुंबई-पुण्याकडे कादंबरी नावाचा नवा प्रकार छापून येतो असे कळले होते आणि वऱ्हाडातली पहिली आपण लिहायची, असे मी मनात धरले होते.

गोष्ट साधी होती. एक गाडीवान कापसाची गाडी घेऊन बऱ्हाणपुराकडे जातो आणि परत येत नाही. त्याची बायको त्याला शोधायला निघते. एवढेच. तो जिवंत आहे की मेला, हे मी ठरवले नव्हते.

शाळेला लागून एका मुसलमान व्यापाऱ्याची कापसाची वखार होती. तिच्या अंगणात वीसेक बाया लाकडी चरख्या घेऊन कापसातली सरकी काढत बसायच्या. दुपारच्या सुट्टीत मी तिथे जाऊन लिहिलेले वाचून दाखवायचो. व्यापारी खूश असायचा. “पढते रहो पंतोजी,” तो म्हणायचा, “किस्सा चालू हाय तोपर्यंत बाया उठत नाईत.” माझ्या विद्वत्तेची त्याने केलेली ही किंमत मला झोंबायची, पण ऐकणारे दुसरे होतेच कोण?

त्या बायांत एक पन्नाशीची कुणबीण होती. उंच, हाडकुळी, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. वाचायला बसलो त्या पहिल्याच दिवशी तिने खाली पडलेली चिमूटभर सरकी उचलली आणि डाव्या मुठीत धरली. मला हसू आले. आपल्याकडे व्रताची कहाणी ऐकताना बाया हातात दाणे धरतात, कहाणी सुफळ संपूर्ण झाली की ते देवावर वाहतात, आणि तोवर मूठ सोडत नाहीत. कहाणी अर्धी टाकून उठणे म्हणजे पाप. या बाईने माझ्या कादंबरीला त्याच रांगेत बसवले होते. मी तिला म्हटले, “माय, ही काही देवाची कहाणी नाही. मीच रचलेली आहे.”

“कोनी तरी रचतेच ना पंतोजी,” ती म्हणाली. “अर्धी ऐकून हात कसा सोडू?”

रोज वाचन थांबले की ती सरकी पदराच्या गाठीला बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुठीत घ्यायची. बाकीच्या बाया तिची थट्टा करायच्या. त्यांच्याकडूनच मला कळले की तिचा नवरा मोगलाईच्या काळात, म्हणजे साहेबाचा अंमल बसण्याआधी, ज्येष्ठातली शेवटची खेप घेऊन बऱ्हाणपुराकडे गेला तो आलाच नाही. मुलगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. आता तो स्वतः गाडीवान झाला होता. मी कोणाचे चोरून लिहिले नव्हते. गाडीवान हरवणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती, म्हणून मी ती घेतली होती.

माघात पहिला भाग संपला. संपला म्हणजे काय, ती बाई तापीच्या काठावर पोचते आणि पलीकडे कोणीतरी उभे आहे असे तिला दिसते, तिथे मी थांबलो. तेवढे बाड घेऊन मी अकोल्याला गेलो.

अकोल्यात एका गृहस्थाने पुण्याकडून शिळाप्रेस आणला होता. व्यापाऱ्यांच्या पावत्या छापायचा. त्याने माझे बाड एका बैठकीत वाचले आणि मांडीवर थाप मारली.

“मास्तर, हे एका पुस्तकात संपवू नका. पाच भाग करा. पलीकडे उभा तो कोण, हे दुसऱ्या भागात. तो नाहीच, हे तिसऱ्यात.”

“आणि शेवट?”

“शेवट कशाला? नवरा मेला की दुकान बंद. तो आला तरी दुकान बंद. बाई चालत राहिली पाहिजे.”

मी म्हटले, एकच पुस्तक, गच्च बांधलेले, शेंडा-बुडखा असलेले, अशी माझी कल्पना होती. तो म्हणाला, तुमची कल्पना विकत घ्यायला कोण येणार? चऱ्हाट वळा चऱ्हाट, लोक टोक धरून येतील. खरे सांगतो, मला ते पटले. पाच पुस्तकांवर आपले नाव दिसेल, दरवर्षी लोक वाट बघतील, या विचाराने मी अकोल्याहून परतताना बैलगाडीत एकटाच हसत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी झालेली काळी रिकामी शेते होती. त्या माणसाला आपण कधी मारायचा नाही आणि कधी आणायचा नाही, हे माझे ठरले.

अमरावतीत उतरलो तो शाळेच्या ओट्यावर त्या बाईचा मुलगा बसलेला. मी गेल्याला वीस दिवस झाले होते.

“माय मूठ सोडून नाई राहिली,” तो म्हणाला.

मला आधी समजलेच नाही. त्याने सांगितले ते असे. शेवटच्या दिवशी वाचन संपले, मी बाड गुंडाळले, तेव्हा तिने सरकी पदराला बांधलीच नाही. बायांनी विचारले तर म्हणाली, पंतोजी गेले, आता पुन्हा कवा वाचतीन कोनाले ठाव, गाठ सुटली तं? त्याच मुठीने ती घरी गेली. त्याच मुठीने झोपली. चौथ्या दिवशी ताप आला. ताप उतरला, पण ती उठली नाही, आणि पेजेपलीकडे तोंडात काही घेईना. वैद्याने बोटे उघडायचा प्रयत्न केला, तर तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो औषध न देताच निघून गेला.

मी त्याच्याबरोबर गेलो. भर दुपार होती. घर स्वच्छ सारवलेले, दार सताड उघडे, उन्हाचा चौकोन थेट तिच्या अंथरुणापर्यंत आलेला. ती उताणी पडली होती. कुंकू ताजे होते. डावा हात छातीवर, मूठ आवळलेली, आणि करंगळीच्या फटीतून एक पांढरट कोंब बाहेर आला होता. त्याच्या टोकाला दोन इवली हिरवी पाने फुटली होती आणि ती दाराकडे, उजेडाकडे वळली होती. घामाच्या ओलीने सरकी रुजली असेल, हे मला तेव्हाही कळत होते. कळले म्हणून भीती कमी झाली नाही. मी उंबऱ्यातच थबकलो.

“या पंतोजी,” ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. “तिच्या पल्याड कोन उभा हाय?”

“ते अजून लिहायचे आहे, माय.”

“मंग लिवा. अन् लवकर लिवा. आला म्हना, नाईतर मेला म्हना. मी इतके वर्स कुकू लावून राहिली, पन कोनाच्या नावाचं, हे मले ठाव नाई. मी सवाष्न हाय का रांड हाय? वटी भरायले बोलावतेत, तं म्या जाव का नाई? कोनी सांगत नाई. तुमी सांगून राहिले होते, अन् मदातच उठले.”

मला लाज वाटली. बारा वर्षे माणूस परतला नाही तर त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, क्रिया करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी मुलाला बाहेर नेऊन तसे म्हटले. तो माझ्यावर उसळलाच.

“म्या नाई करू देल्ली क्रिया, अन् करू देनार बी नाई. बापाचं तोंड मले आठवत नाई पंतोजी. पानाचा बाप जाळला म्हंजे खरा कवाच येनार नाई. तुमी तिले मेला म्हनून वाचसान, अन् ते मूठ सोडन, अन् कुकू पुसन, अन् मंग मरून जाईन. माय बी जाईन, बाप बी जाईन. पाया पडतो, संपवू नका. रोज थोडं थोडं वाचत राहा. ते ऐकत राहीन, तवरिक जगन.”

आणि तो खरोखर माझ्या पाया पडला. एवढा दांडगा गाडीवान. छापखानेवाला, मुलगा आणि माझी स्वतःची हाव, तिघेही एकच मागत होते, की गोष्ट पुढे जात राहावी. संपव म्हणणारी एकटी ती होती. मला पाच भाग हवे होते, आणि शिवाय एका बाईचा जीव वाचवल्याचे पुण्य आयते मिळणार होते. तरी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे वाचायला जायचे मी टाळले.

दोन दिवसांनी मी पळवाट काढली. एक प्रकरण लिहिले, त्यात नवरा परत आणला. पलीकडे उभा असलेला तोच, होडी घेऊन येतो, दोघे घरी जातात. मनात म्हटले, आत्ता हिचे समाधान होऊ दे, छापताना हे प्रकरण काढून टाकू. तिच्या उशाशी बसून वाचले. सुफळ संपूर्ण असेही म्हटले. मूठ उघडली नाही. कोंबाचे पान तेवढे माझ्या श्वासाने हलले.

“मागं कायतरी ठुलं तुमी,” ती म्हणाली. “तुमचा आवाज सांगून राहिला.”

मी बाड गुंडाळून उठलो. शाळेत गेलो, दार लावून घेतले आणि एका बैठकीत शेवट लिहिला. कुठून सुचला ते मला आजही सांगता येणार नाही. तापी उतरताना वरून लोंढा येतो. गाडी आडवी होते. कापूस आधी तरंगतो, गाडीवानाला वाटते वाचलो. मग कापूस पाणी पितो, जड होतो आणि गाडीला ओढून नेतो. डाव्या बैलाची घुंगरमाळ पाण्याखालीही थोडा वेळ वाजत राहते. पलीकडे उभा असलेला माणूस कोळी असतो. तो बाईला तेवढे सांगतो, आणि ती नदीत आंघोळ करून घरी परतते. पुढे काही नाही. मुद्दाम काही ठेवले नाही. चार भाग मी माझ्या हाताने बुडवले आणि त्याचे मला फार वाईट वाटले, हे लपवत नाही.

ते वाचले तेव्हा मुलगा घरात थांबला नाही. अंगणात बैलाजवळ जाऊन उभा राहिला. माझे शेवटचे वाक्य संपले आणि तिची बोटे एकेक करून सुटली. तळहातावर मुळांची जाळी उमटली होती. तिने तो कोंब तुळशीच्या बुडाशी टाकायला लावला, उजव्या हाताने कपाळ पुसले आणि बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. ती रडली, पण थोडे. मग म्हणाली, “आता भूक लागली.” तिने आंबील घेतली. चार दिवसांनी ती वखारीत चरखीवर बसलेली मी पाहिली. ती मेली नाही. आईच्या शब्दाखातर मुलाने पुढच्या महिन्यात पानांचा पुतळा जाळला. माझ्याशी मात्र तो बोलेनासा झाला.

कादंबरी छापून झाली. लहानसे पुस्तक, एकच. छापखानेवाल्याने पत्रात एवढेच लिहिले, की दुभती म्हैस कसायाला विकलीत.

पुढच्या वर्षी होळी होऊन गेली होती. मुले उन्हाने पेंगत होती आणि मी शुद्धलेखन घालत होतो. दारात तो मुलगा आला, त्याच्यामागे एक म्हातारा. मुलाचा चेहरा बघून मी वर्ग सोडला.

“हा माहा बा हाय,” तो म्हणाला.

उजव्या भुवईवर जखमेचा वण होता. तो लहानपणी बैलाच्या शिंगाने झाला, असे आईने मुलाला सांगितलेले होते. गावातल्या दोन म्हाताऱ्या गाडीवानांनी त्याला पाहताच ओळखले होते. शंका घ्यायला जागा नव्हती. तो थेट खानदेशातून आला होता आणि घरी पोचताच, कोणी काही विचारायच्या आत, त्याने आपली हकीकत सांगितली होती. ती त्याने मलाही सांगितली. तापीत गाडी आडवी झाली. बैल गेले. तो कोळ्यांना सापडला. दोन्ही बैल बुडवून कोणत्या तोंडाने घरी जावे, म्हणून पलीकडेच राहिला. मग तिकडे घर झाले, बाई झाली. ती बाई गेल्या साली वारली.

“कापूस पयले तरंगला पंतोजी,” तो म्हणाला. “मले वाटलं, वाचलो. मंग पानी पेला त्यानं. डाव्या बैलाचे घुंगरू पान्याखाली वाजत होते. आजूक ऐकू येते मले.”

हे मी या खोलीत, या गादीवर बसून लिहिले होते. मुलगा माझ्याकडे एकटक बघत होता. त्यालाही ते ठाऊक होते.

“माय काय म्हणाली?” मी विचारले.

मुलगा म्हणाला, “म्हने, हो, असंच झालं. पंतोजीनं बी हेच वाचलं. घुंगरू बी वाजले. म्हंजे ते बुडाले हे खरं हाय, दोघं बी तेच सांगून राहिले. अन् मले म्हने, पावना दुरून आला, त्याले जेवू घाल.”

आठ दिवस तो तिच्या ओसरीवर जेवत होता. ती त्याला वाढायची, पाणी द्यायची, तब्येत विचारायची, आणि पाहुण्याशी बोलावे तसे तुमी-तुमी बोलायची. कपाळ मोकळेच होते. तो घराच्या जुन्या खुणा सांगायचा, ती म्हणायची, तुमचा अन् आमच्या त्याइचा बराच घरोबा दिसते. वेड लागले म्हणावे तर कामात, बोलण्यात तसूभर फरक नव्हता. शेजारच्या बायांनी समजावले, तर ती शांतपणे म्हणाली, क्रिया झालेल्या मानसाले घरात घेऊ का?

“लोक म्हनतेत, तुमच्या पोथीत मी मेलो,” म्हातारा खाली बघत म्हणाला. “तिचा पुढचा भाग लिवा ना जी. थोडाच लिवा. तो मानूस नदीतून निंगला अन् घरी आला, येवढाच.”

मी लगेच हो म्हटले. त्याची दया आली होती, आणि माझ्या हातून मोठी चूक झाली आहे असे वाटत होते. शिवाय, आता लाजायचे कशाला, दुसरा भाग लिहायला मिळतो म्हणून आनंदही झाला होता. अकोल्याला कळवले, तर छापखानेवाल्याने उलट टपाली कागद पाठवून दिला. चार दिवसांत लिहिले. इतके चांगले मी आधी कधी लिहिले नव्हते. लोंढ्यातून वर आलेला माणूस, पलीकडचे घर, त्याची शरम, आणि शेवटी उंबरा. मी काही मागे ठेवले नाही.

वखारीच्या अंगणात दुपारी वाचायला बसलो. म्हातारा भिंतीशी, मुलगा त्याच्या शेजारी. ती नेहमीच्या जागी. तिने दोन्ही हात चरखीवर ठेवले आणि फिरवत राहिली. पार शेवटपर्यंत ऐकले, मधे एकदा डोळेही पुसले. नवरा उंबऱ्यात येतो आणि बायको त्याला ओळखते, ते मी सावकाश वाचले. वाचून झाल्यावर सगळ्या बाया तिच्याकडे बघू लागल्या.

“लय चांगली हाय पंतोजी,” ती म्हणाली. “त्या बाईचं नशीब निंगालं. बरं वाटलं मले. पन हे ते बाई नोहे. हे दुसऱ्याच बाईची गोष्ट हाय.”

आणि तिने पुढचा कापूस चरखीत घातला.

म्हातारा उठला. मुलगा त्याला राहा म्हणत होता, तो परतवाड्याकडे काम बघतो म्हणाला. गाठोडे काखेत मारून माझ्याजवळ आला आणि त्याने हात पुढे केला.

“ते कागद मले देता का?”

“तुम्हाला वाचता येते?”

“नाई. पन त्याच्यात तरी मी घरी हाय.”

दुसरी प्रत केलेली नव्हती. मी सगळे बाड त्याच्या हातात दिले.